मरीन बॅटरीवर कॅम्पर: सात महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये घेतलेली ग्रुप २७ आकाराची मरीन (बोटीसाठीची) डीप सायकल, म्हणजे बराच वेळ थोडी थोडी वीज देणारी, बॅटरी परवा कॅम्परवरून उतरवली. आम्ही मिशिगनमध्ये असतो. जुना पॉप-अप कॅम्पर (गाडीमागे ओढायचा, तंबूसारखा उघडणारा ट्रेलर), महिन्यातून एखाद-दुसरा वीकएंड. तेवढ्यापुरती बॅटरी चालते. पण लेबलवर भुलू नका.

'डीप सायकल' मोठ्या अक्षरांत होतं, आणि शेजारी एमसीए, म्हणजे इंजिन स्टार्ट करायच्या ताकदीचा आकडा. तो दिसला की समजायचं, ही दोन्ही डगरींवर हात ठेवणारी बॅटरी आहे. बोटीचं इंजिनही चालू करायचं आणि दिवेही लावायचे. मला हे घरी आल्यावर उमगलं. ९० अँपिअर-अवर (साठ्याचं माप) लिहिलेले असले तरी निम्मेच आपले. त्याखाली सारखी उतरवली की आयुष्य घटतं.

एलईडी दिवे, पाण्याचा पंप, फोन यांचं ती काही मनावर घेत नाही. खाते ती फर्नेस, म्हणजे कॅम्पर गरम करणारी भट्टी. गॅसवर चालते म्हणून मी निर्धास्त होतो, पण तिचा पंखा ७ अँपिअर ओढतो. ऑक्टोबरात मिशिगन सरोवराकाठच्या स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या डी. एच. डे कॅम्पग्राउंडवर गेलो. तिथे विजेची जोडणी नाही. पहिली रात्र छान गेली, सकाळी १२.३ व्होल्ट. दुसऱ्या रात्री तीनला लेक म्हणाली, "बाबा, गार वारा येतोय." पंखा रडतखडत फिरत होता, मीटरवर ११.४. हवेचा जोर कमी पडला की फर्नेसमधला सेल स्विच (पंख्याच्या झोताने ढकलला जाणारा) लागत नाही आणि बर्नर पेटतच नाही. म्हणजे उरलीसुरली बॅटरी जाळून आम्ही स्वतःवर गार हवा सोडत होतो! चौघं एका रजईत. बायको त्यावर अजून बोलते.

गंमत म्हणजे त्यात बॅटरीचा दोष निम्माच. कॅम्परचा मूळ कन्व्हर्टर (बाहेरची वीज जोडली की बॅटरी चार्ज करणारा) १३.५ व्होल्टच्या वर जात नाही, आणि या पाण्याच्या बॅटरीला पोट भरायला साधारण १४.४ लागतात. घरी येऊन रात्रभर कन्व्हर्टरवर ठेवली, तरी हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता, म्हणजे चार्ज किती ते दाखवणारा) १.२२५वर अडला. वेगळा स्मार्ट चार्जर लावल्यावर १.२६५, म्हणजे पोटभर. सगळा उन्हाळा मी तिला अर्धपोटी फिरवत होतो. सोलर पॅनलचा विचार केला होता, पण कॅम्पग्राउंडच्या झाडीत तो काय करणार.

पुन्हा घेईन का? नाही. ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला एक, मिळून १२ व्होल्ट) जोडीन. दुपटीहून जास्त साठा, प्लेटाही जाड. वजनही दुप्पट, ते ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर पेललं पाहिजे. फक्त उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र हीच घ्यावी, सोबत चार्जर घ्यायचा.

आता ती गॅरेजमध्ये आहे, निगेटिव्ह वायर केव्हाच काढलेली. झाकणं उघडली तर दोन कप्प्यांत पाणी प्लेटांच्या जेमतेम वर होतं. डिस्टिल्ड वॉटर घातलंय. महिन्यातून एकदा चार्ज करायची. उतरलेली बॅटरी इथल्या थंडीत गोठून फुटते.