गोलात बसवावे की जोडीत? लहान मुलांना चर्चा शिकवताना

तिसरी-चौथीच्या मुलांना चर्चा करायला शिकवायचे म्हटले, की शिक्षकापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे सगळ्या वर्गाला गोलात बसवून एखादी वस्तू फिरवायची आणि ती ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचे. दुसरी म्हणजे आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे आणि शेवटी वर्गापुढे मांडणी, हा अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेला क्रम. मी दोन्ही पद्धती पुरेसा काळ वापरल्या आहेत, त्यामुळे निवड करताना माझे अनुभव कोणाला उपयोगी पडतील असे वाटते.

गोलाची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात, आगाऊ मुलांना आपोआप लगाम बसतो आणि मधेच तोंड घालायचे नाही हा धडा वेगळा द्यावा लागत नाही. वर्गात भांडण झाले असेल, तर मी आजही मुलांना गोलातच बसवतो.

माझे बिनसले ते मात्र एकाच गोष्टीवर. खेळात हरलेल्याने पुन्हा डाव मागावा का, असा प्रश्न मी ३६ मुलांपुढे ठेवला होता आणि कापडी चेंडू फिरत होता. चेंडू चार मुले दूर असतानाच एका मुलीचे ओठ हलू लागले. ती आपले वाक्य घोकत होती. तिच्या अगदी आधीच्या मुलाने नेमके तिच्या विरुद्ध मत, तेही चांगल्या कारणासह, मांडले. चेंडू हातात येताच तिने घोकलेले वाक्य जसेच्या तसे म्हटले, सुटकेचा श्वास टाकला आणि चेंडू पुढे दिला. त्यानंतर मी लक्ष ठेवू लागलो, तेव्हा पाळी येईपर्यंत घोकणे आणि पाळी गेल्यावर निवांत होणे हेच बहुतेकांचे चाललेले दिसले. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरला तरी १८ मिनिटे जातात, आणि एवढ्या वेळात होतात ती ३६ छोटी भाषणे; एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्याला कुठे भिडत नाही.

जोडीच्या पद्धतीलाही डोकेदुखी आहेच. गलबला होतो, विषय सुट्टीतल्या खेळाकडे घसरतो, आणि मुलांची संख्या विषम असली की तिघांच्या गटातले एक मूल हमखास बाजूला पडते. तरीही तिथे एकाच वेळी निम्मा वर्ग बोलत असतो आणि ऐकणाऱ्याला समोरचा चेहरा टाळता येत नाही. शिवाय सुरुवातीचा शांत विचाराचा वेळ शिक्षकाच्या उतावळेपणालाही आवर घालतो. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि ही वाट पाहणे तीन सेकंदांपर्यंत नेले तरी उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात, हे अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या निरीक्षणातून दाखवून दिले होते.

माझ्यापुरते पारडे झुकले ते एका छोट्या नियमामुळे: वर्गापुढे मांडताना आपले मत सांगायचे नाही, जोडीदाराचे सांगायचे. पहिल्या दिवशी बरीच मुले उभी राहून गप्पच झाली, कारण त्यांनी ऐकलेच नव्हते. दोनेक आठवड्यांत मात्र, ‘थांब, तू नक्की काय म्हणालास?’ हा प्रश्न जोड्याजोड्यांतून ऐकू येऊ लागला. गोलात तो मला एकदाही ऐकू आला नव्हता.

वर्गात दहा-बाराच मुले असतील, तर हा हिशेब कदाचित वेगळा निघेल. तिथे गोल लवकर पूर्ण होतो आणि घोकायला फारसा वेळही उरत नाही. मोठ्या वर्गासाठी मात्र मी जोडीनेच सुरुवात सुचवीन. बोलायला दोनच मिनिटे द्यावीत आणि मांडणीसाठी पाच-सहा जोड्यांनाच उभे करावे, पण कोणत्या जोड्या ते आधी सांगू नये. नाहीतर घोकणे तिथेही सुरू होते.