स्लीव्ह की बायपास? किलो बाजूला ठेवून केलेली तुलना

वजन उतरवण्यासाठी जठरावर दोन ऑपरेशनं होतात, स्लीव्ह आणि बायपास. ऑपरेशनआधी जवळपास प्रत्येक जण विचारतो, वजन कशात जास्त उतरतं? मीही तेच विचारलं होतं. सहा वर्षांपूर्वी मी स्लीव्ह करून घेतली, वर्षभरानं माझ्या मैत्रिणीनं बायपास. आता आम्ही दोघी बोलायला बसलो की किलोंचा विषय क्वचितच निघतो. तिला घेरीबद्दल सांगायचं असतं, मला जळजळीबद्दल.

तरी वजनाचं आधी सांगून टाकते. २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या, या दोन ऑपरेशनांची तुलना करणाऱ्या एका चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. निरोगी मर्यादेच्या वर असलेल्या जादा बीएमआयपैकी बायपासनंतर सुमारे ६८ टक्के आणि स्लीव्हनंतर ६१ टक्के कमी झाला होता, आणि संख्याशास्त्राच्या हिशेबानं हा फरक ठोस ठरला नाही. दोन्हींत पुढे थोडं वजन परत येतं. म्हणजे एवढ्यावरून निवड करता येत नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा बाहेर काढतात आणि एक अरुंद नळी उरते. आतड्याला हात लागत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही. पुढचे बरेचसे त्रास या रचनेतूनच येतात.

त्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर येतं. रात्री दोन वाजता घशाशी आंबट पाणी येऊन मी खोकत उठून बसायचे. शेवटी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या आणि झोपायच्या तीन तास आधी खाणं बंद केलं. गोळी अजून चालू आहे. त्याच चाचणीत, आधीपासून हा त्रास असलेल्यांपैकी बायपासनंतर सुमारे ६० टक्के लोकांची जळजळ पूर्ण थांबली, स्लीव्हनंतर फक्त २५ टक्के लोकांची. मला आधीपासून ॲसिडिटी होती. ती मी डॉक्टरांना नीट सांगितली नाही, कारण मला ती किरकोळ वाटली. तुम्ही ही चूक करू नका.

मैत्रिणीची जळजळ गेली, पण डंपिंग आलं. एका वाढदिवसाला तिनं केकचा अर्धा तुकडा खाल्ला. पंधरा मिनिटांत तिचे हात गार पडले, कपाळावर घाम फुटला, छाती धडधडायला लागली. मी तिला बाथरूमच्या फरशीवरच आडवं केलं आणि पाय वर धरून बसले. गोड पदार्थ झपाट्यानं आतड्यात उतरले की असं होतं. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरते आणि तेव्हाही घेरी येते. सगळ्यांना हे होत नाही, आणि कधीकधी स्लीव्हनंतरही होतं. तिच्या मते मात्र या भीतीनंच तिचं गोड सुटलं.

बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. सिगारेटनंही तो धोका वाढतो. सांधेदुखीसाठी अशा गोळ्यांशिवाय ज्यांचं चालतच नाही, त्यांनी हा मुद्दा सगळ्यात वर ठेवावा. शिवाय बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतडं आतल्या आत अडकू शकतं. अचानक पोटात जोराची कळ आली तर बायपास झालंय हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

जीवनसत्त्वं आणि रक्ततपासण्या दोन्हींत जन्मभराच्या, बायपासमध्ये जास्त काटेकोर. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. लोंबणारी कातडी मात्र आपोआप आवळत नाही.

मनाच्या बाबतीत आम्हा दोघींत फरक सापडत नाही. वाईट दिवस गेला की मी खायचे, तो आधार एका सकाळीच काढून घेतला गेला. त्याच्या जागी काय ठेवायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. काही जण दारूकडे वळतात. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, ती लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन दुसऱ्या वर्षापासून डोकं वर काढतं. लोक म्हणतात, "आता किती छान दिसतेस!" आणि मला आधीच्या माझ्यासाठी वाईट वाटतं. दोन खुर्च्यांमधून जाताना मी अजूनही अंग चोरून तिरकी होते, जागा भरपूर असली तरी. वजन घटायचं थांबतं, कौतुकही ओसरतं, तेव्हा मन खचू शकतं. ऑपरेशननंतर काहींना जीव नकोसा होतो हे अभ्यासांत दिसलंय. तसं वाटलं तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

माझं मत विचाराल तर जुनी जळजळ किंवा टाइप २ मधुमेह असेल तर बायपासकडे झुका. वेदनाशामक गोळ्या अटळ असतील किंवा आतड्याचा जुना आजार असेल तर स्लीव्हकडे. आणि सही करण्याआधी सर्जनना एवढं विचारा: तिसऱ्या वर्षी मी रडत आले, तर तुमच्याकडे मला कोण भेटेल?