घोडबंदर रोडवरची भाड्याची पॉप-अप कॅम्पर: गाडी झकास, कापड बेताचं

पॉप-अप कॅम्पर म्हणजे छप्पर वर उचललं की कापडी भिंती उघडतात आणि आत झोपता येतं अशी गाडी. दोन मोठे आणि दोन लहान मुलं असतील तर भंडारदऱ्याला ही गाडी पुरते. चार मोठी माणसं दाटीवाटीने झोपतील. छप्पर गॅस स्ट्रटवर, म्हणजे दाबाचा गॅस भरलेल्या आधारदांड्यांवर, उचललं जातं. वर गेल्यावर हळूहळू खाली बसू लागलं तर स्ट्रट गेलेत, गाडी बदलून मागा.

खरी मेख छपराखालच्या कापडात आहे. ओलं कापड घडी करून ठेवलं की ठाण्याच्या दमट हवेत लगेच बुरशी धरते. म्हणून ताब्यात घेतानाच छप्पर पूर्ण उघडायला लावा, कोपऱ्यांचा वास घ्या, शिवणींवर बाटलीभर पाणी ओता. इथे मागच्या कोपऱ्याची शिवण पाझरते, त्यामुळे पावसाळ्यात नकोच.

बॅटरी १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड. निम्मीच वापरायची, म्हणजे साधारण ६०० वॅट-तास. पंखा, दिवे, मोबाइल आरामात. फ्रिजही लावलात तर पहाटे बोंब! पूर्ण चार्ज असेल तर काही चालू नसताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. शेगडीच्या गॅसनळीला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गळती आहे.

नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देणं कायदेशीर. पांढरी, म्हणजे खासगी गाडीची पाटी असेल तर घेऊ नका, अपघातात विमा अडतो. डिपॉझिटच्या पावतीवर जुने डाग लिहून घ्या.