लाळेवरून मुलाचा एडीएचडी सांगणारी घरपोच चाचणी: पैसे घालावेत का?

'वडिलांना एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आहे, मग मुलाला होईल का?' या धास्तीवर उपाय म्हणून ही चाचणी विकली जाते. या प्रश्नाचं उत्तर ती देऊ शकत नाही, म्हणून फक्त त्यासाठी ती घेऊ नये.

नमुना घेणं सोपं आहे. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीत रेघेपर्यंत, साधारण २ मिली लाळ. फेस धरायचा नाही. इथे चूक झाली तर नमुना अपुरा पडून परत मागवला जाऊ शकतो. लहान मुलांना एवढं थुंकता येत नाही. त्यांच्यासाठी गालात फिरवायचा स्पंज मागून घ्यावा.

खरी गोची अहवालात आहे. त्यात बऱ्याचदा एडीएचडीशी जोडलं जाणारं डीआरडी४ हे जनुक असतं. त्याचा '७-आर' प्रकार म्हणजे डीएनएचा ४८ अक्षरांचा तुकडा सात वेळा लागोपाठ आलेला. अशा चाचण्यांत सहसा वापरतात ती चिप ठरावीक ठिकाणचं एकेक अक्षर वाचते, तुकडे मोजत नाही. तेव्हा '७-आर' कोणत्या पद्धतीने तपासला, हे कंपनीला लेखी विचारा. ती तपासणी बरोबर असली तरी एकट्या जनुकाचा परिणाम फार थोडा असतो.

काही अहवाल अनेक जनुकांची बेरीज करून गुण देतात. २०२३च्या मोठ्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या ३८,६९१ आणि नसलेल्या १,८६,८४३ लोकांची तुलना झाली. डीएनएवर २७ ठिकाणं सापडली, प्रत्येकाचं वजन नगण्य. हे लोक युरोपीय वंशाचे होते, त्यामुळे मराठी घरातल्या मुलाच्या गुणांवर तर आणखीच कमी भरवसा ठेवता येतो.

जाहिरातीतला '७४ टक्के अनुवंशिक' हा आकडा खरा आहे, अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. शंभरातल्या ७४ मुलांना एडीएचडी होतो असं तो सांगत नाही. माणसामाणसांत याबाबत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकीय फरकांचा, इतकंच. एडीएचडी असलेल्या मुलाच्या आईवडिलांत आणि भावंडांत तो इतरांपेक्षा ५ ते १० पट जास्त आढळतो. आजी 'अगदी बापावर गेलाय' म्हणते ना, ती माहिती डॉक्टरांना या अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडते.

त्यापेक्षा आईबाबांनी प्रौढांमधली एडीएचडीची लक्षणं चाचपणारी सहा प्रश्नांची एएसआरएस प्रश्नावली भरावी. चार किंवा जास्त उत्तरं ठळक रकान्यात आली तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. ६ ते १२ वर्षांच्या मुलासाठी व्हँडरबिल्ट प्रश्नावली आहे: पालकांची ५५ प्रश्नांची, शिक्षकांची ४३ प्रश्नांची. दोन्ही भरून न्या. ज्या पालकाला स्वतःलाच एडीएचडी आहे, त्याला मुलाची चुळबुळ नेहमीचीच वाटू शकते आणि एकट्या त्याच्या उत्तरांत लक्षणं कमी दिसू शकतात. निदानासाठी लक्षणं किमान दोन ठिकाणी (जसं घर आणि शाळा), सहा महिने टिकलेली आणि बाराव्या वर्षाआधीपासूनची असावी लागतात.

जनुकचाचणी खरोखर लागते ती वेगळ्या मुलांना: वाढीचे टप्पे उशिरा गाठणारी, फिट्स येणारी, चेहऱ्याची ठेवण वेगळी असलेली, किंवा अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असलेली. त्यांच्यासाठी फ्रॅजाइल एक्स (बौद्धिक वाढ मंदावणारा एक जनुकीय आजार) याची चाचणी, मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांचे गळालेले किंवा जादा तुकडे शोधणारी चाचणी) की डाग असतील तर एनएफ१ जनुकाची तपासणी, यांपैकी काय करायचं ते बालमेंदूविकारतज्ज्ञ ठरवतात, आणि तो नमुना बहुधा रक्ताचा असतो.