केअर होममधील सुरक्षितता: सरकारी तपासणी की आप्तांची ये-जा?

इंग्लंडमधील केअर होममध्ये, म्हणजे वृद्ध किंवा आजारी व्यक्तींच्या निवासी देखभाल केंद्रांत, रहिवाशांच्या रक्षणासाठी केअर क्वालिटी कमिशन या केअर होम व रुग्णालयांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक यंत्रणेची तपासणी आणि आप्तांची नियमित ये-जा, असे दोन आधार आहेत. तपासणीमागे कायद्याचे बळ आहे. गंभीर त्रुटी आढळल्यास कमिशन संस्थेची नोंदणीही रद्द करू शकते. मात्र तपासनीस मोजकेच दिवस येतात आणि बंदिस्त वातावरणात मुरलेली दहशत तेवढ्यात नजरेस पडतेच असे नाही. २०१९ मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणातून व्हॉर्ल्टन हॉल या खासगी रुग्णालयातील छळ उघडकीस आला, तेव्हा कमिशनच्या लेखी त्या संस्थेचा दर्जा ‘चांगला’ होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

याउलट, वारंवार येणाऱ्या मुलीला आईच्या दंडावरचा वळ, कालचेच कपडे किंवा ठरावीक कर्मचारी खोलीत शिरताच तिचे गप्प होणे लगेच जाणवते. म्हणूनच माझा कल ये-जा मोकळी ठेवण्याकडे आहे. एप्रिल २०२४ पासून, अपवादात्मक परिस्थिती वगळता, भेटीची सोय करणे संस्थांना बंधनकारक झाले. हे फार आधी व्हायला हवे होते. तरीही ज्यांना भेटायला कोणीच येत नाही, त्यांच्यासाठी अचानक होणारी तपासणी आणि रहिवाशाची बाजू मांडणारा स्वतंत्र प्रतिनिधी यांना पर्याय नाही.