बाराशेची चायनीज कढई, सहा महिने वापरून

कढई घेतली ती गोबीमुळे. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने स्टॉलवरच्या गोबी मंच्युरियनवर बंदी घातली, कृत्रिम रंग, अस्वच्छता वगैरे कारणं, आणि आमच्या घरात त्याचं एवढं दुःख झालं की ऐन जत्रेत पाऊस पडला असता तरी तेवढं झालं नसतं. माझा मुलगा बोडगेश्वराच्या जत्रेला जातो म्हणजे देवाला पाच मिनिटं आणि गोबीच्या प्लेटीला अर्धा तास. मग काय, घरी कर म्हणून मागे लागला. नॉनस्टिकमध्ये केलं, पाणी सुटून नुसती कोबीची भाजी झाली. लाल रंग नव्हता ते बरं, पण चवही नव्हती.

तेवढ्यात माझा दीर घरी आला. तो बोटीवर असतो, सात-आठ महिने बाहेर मग दोन-तीन महिने इथे, आणि त्यांच्या गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, बरीच वर्षं एक चिनी कूक होता. तो म्हणाला, वहिनी, नॉनस्टिकला एवढी आच लावायचीच नसते, लोखंडाची पातळ कढई आण. मग मे महिन्यात एका शुक्रवारी बाजारातून घेतली. कार्बन स्टील, १४ इंच, एका बाजूला लाकडी दांडा, बाराशे रुपये. सासूबाईंनी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "ही लोखंडाची काहीलच मगो, हिला बाराशे दिले?"

आता मुद्द्याचं सांगते. कढई चांगली आहे पण नुसत्या कढईने काही होत नाही, ती वापरायची रीत घेतली तरच पैसे वसूल.

मी पणजीहून बसने घरी पोचते साडेसहाला. आधी माझी पद्धत अशी, तेल तापत ठेवायचं मग कांदा शोधायचा, कांदा परतताना आलं सोलायचं, मध्येच फ्रीज उघडून मिरची शोधायची, तोपर्यंत कांदा करपला. जेवायला नऊ. दिराने सांगितलं की चिनी स्वयंपाकात जवळजवळ सगळा वेळ सुरी खाते, आच खातच नाही. भाज्या, चिकन सगळं एका मापात बारीक चिरून वेगवेगळ्या वाट्यांत, जे उशिरा शिजतं ते आधी हाताशी, सॉस-व्हिनेगर-कॉर्नफ्लोअर एका वाटीत कालवून तयार, आणि मग गॅस पेटवायचा. एकदा पेटला की थांबायचं नाही, एक पदार्थ चार-पाच मिनिटांत खाली. पूर्वी सरपण कमी म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. आणि ताटात चॉपस्टिक, सुरी नाहीच, म्हणजे घासाएवढे तुकडे आतच करावे लागतात. हे मला कधी सुचलंच नव्हतं, दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

तर आता मी आल्या आल्या कुकर लावते आणि मुलाच्या अभ्यासासमोर पाट घेऊन चिरत बसते. तो गणितं करतो, मी गाजर करते, दोघांचीही चिडचिड सारखीच. आठला जेवण. रविवारी सिमला मिरची, फरसबी चिरून डब्यात ठेवली तर अजून लवकर होतं, कांदा मात्र ठेवू नका, अख्खा फ्रीज वास मारतो.

एक गोष्ट मात्र माझ्या नवऱ्याला अजून पचलेली नाही. माणसं आधी बसतात, मग पदार्थ येतो. कढईतून उतरलं की लगेच खायचं, दहा मिनिटांनी त्यात काही राम नाही. दीर सांगतो की चिनी लोकांकडे प्रत्येकाचं वेगळं ताट वाढत नाहीत, वाटीत आपापला भात आणि बाकी सगळं मध्ये, जे तयार होईल ते येत राहतं, आधी वडीलधाऱ्यांनी सुरुवात करायची. आमच्याकडे "जेवायला या" म्हटल्यावर नवरा "आलो" म्हणतो आणि फोनवर अजून पंधरा मिनिटं. आता मी सगळे बसल्याशिवाय गॅसच पेटवत नाही. पहिला आठवडा भांडणं झाली, आता मुलगाच बापाला ओढून आणतो.

बाकी गमती पण ऐकल्या. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, मेलेल्यासमोर उदबत्त्या लावतात तसं दिसतं. हे ऐकून सासूबाई पटकन म्हणाल्या की बरोबरच आहे, पिंडाच्या भाताचा खेळ करतात का कोण. चहा कोणी ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक करायची, म्हणजे थँक्यू, बोलणं न तोडता. चहाची किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर समजतो. हे पणजीतल्या हॉटेलांत चाललं असतं तर माझा अर्धा लंच ब्रेक वाचला असता, हात वर करून करून खांदा दुखतो. आणि अख्खा मासा वाढला की एक बाजू खाऊन झाल्यावर तो उलटायचा नाही, काटा उचलून खालचं खायचं, कारण मासा उलटला म्हणजे होडी उलटली. चिनी नवीन वर्षाच्या आदल्या रात्री तर थोडा मासा मुद्दाम शिल्लक ठेवतात, मासा आणि शिल्लक या दोन्ही शब्दांचा उच्चार त्यांच्याकडे एकच आहे ना म्हणून. आमच्या घरी मासा शिल्लक राहणं हा प्रकार होतच नाही.

आता तक्रारी. आणल्यावर तिला तेलकट चिकट थर असतो, तो गरम पाणी, साबण आणि घासणीने पूर्ण काढायचा, मग मोठ्या आचेवर निळी-काळी होईपर्यंत फिरवत तापवायची आणि तेलाचा पातळ हात तीन-चार वेळा. हे दुकानदाराने अजिबात सांगितलं नाही. घरभर धूर, शेजारच्या काकू विचारायला आल्या.

जुलैत एका रात्री धुऊन तशीच ओली सिंकजवळ ठेवली. सकाळी गंजाने केशरी. पावसात गोव्यात मिठाला पाणी सुटतं तर लोखंडाचं काय घेऊन बसलात. पुन्हा घासून पहिल्यापासून सगळं. आता धुतली की एक मिनिट गॅसवर कोरडी करते आणि तेलाचं बोट फिरवते.

त्याहून मोठा घोळ सासूबाईंनी केला, म्हणजे चूक माझीच, सांगायला हवं होतं. मी ऑफिसात असताना त्यांनी त्यात बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, केलं, कोकम घालून. एवढ्या आंबटाने तीन महिने जमलेला काळा थर गेला, हुमण काळपट आणि चवीला चावी चाटल्यासारखं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त ताट बाजूला सारून म्हणाल्या, "तुझी काहील तूच सांभाळ गो."

गोबी कशी होते? घरच्या गॅसला हॉटेलच्या भट्टीची आच नाही हे धरून चाला, एका वेळी पाव किलोच टाका, ढीग केला की पुन्हा तीच कोबीची भाजी. थोडी थोडी केली तर कुरकुरीत होते, रंग तपकिरी असतो आणि मुलगा पहिल्यांदा "ही खरी नाही" म्हणाला, आता खातो. फ्राइड राइसला शिळा थंड भात हवा. उकड्या तांदळाचा पण करून पाहिला, दाणा जाड लागतो पण चिकटत नाही, मला आवडला. दीर त्यात चोरिस, म्हणजे आमचं गोव्याचं पोर्क सॉसेज, टाकतो, तो आला की कढई त्याची.

दांड्याचा स्क्रू तीनदा आवळला, दुकानात विचारलं तर "लोखंडाला कसली गॅरंटी" म्हणाले. आणि रिकामी असली की दांड्याच्या वजनाने कलंडते, खाली लोखंडी रिंग ठेवावी लागते, ती म्हापशात तीन दुकानांत नाही मिळाली. मडगावला कुठे मिळते का कोणाला माहीत असेल तर सांगा, डिसेंबरात दीर यायच्या आत हवी आहे. पाचातले चार, एक स्क्रूचा कापला.