मराठी शीर्षकासाठी रोझा वन की टिरो देवनागरी मराठी?

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ असो, लग्नपत्रिका असो की दादरच्या साडीदुकानाची पाटी, 'बोदोनीसारखं काहीतरी द्या' ही मागणी हमखास येते. बोदोनी म्हणजे रोमन अक्षरांचं एक वळण: उभी रेघ भरदार, आडवी केसाइतकी बारीक. इटलीतल्या पार्माच्या बोदोनी या मुद्रकाने आणि पॅरिसच्या दिदो या मुद्रक घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेलं हे वळण फॅशन मासिकांनी अजून सोडलेलं नाही. पण बोदोनी मोडा किंवा प्लेफेअर डिस्प्ले हे या वळणाचे फाँट घेतलात तर त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. मोफत फाँटमध्ये मला दोनच पर्याय विचार करण्यासारखे वाटतात.

इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन बोदोनीच्या अधिक जवळचा. जाड-बारीकमधला फरक टोकाचा, त्यामुळे दोन-तीन शब्दांचं शीर्षक लांबूनही नजर धरून ठेवतं. रोमन अक्षरंही त्याच घाटाची असल्याने द्विभाषिक पाटीला वेगळा इंग्रजी फाँट शोधावा लागत नाही. मात्र हलकं, ठळक अशी वेगळी रूपं नाहीत, एकच आहे. आणि आकार लहान केलात की तो दगा देतो. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत, काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं असतील, तर शाई पसरून बारीक रेघा बुजतात आणि जोडाक्षरं तुटकी दिसतात.

टिरो देवनागरी मराठीचा डौल वेगळा आहे, आणि मला तो अधिक आपला वाटतो. मूर्ती क्लासिकल लायब्ररी या भारतीय अभिजात ग्रंथांच्या मालिकेतल्या पुस्तकांसाठी घडवलेल्या या अक्षरामागे निर्णयसागरच्या छपाईच्या खिळ्यांची प्रेरणा आहे. म्हणजे जावजी दादाजींच्या मुंबईतल्या छापखान्याचं, जुन्या संस्कृत पोथ्यांतून आपल्या डोळ्यांत बसलेलं वळण. इथे जाड-बारीक आहे, पण ते बोरूतून उतरल्यासारखं वाहतं. बारीक रेघेतही जीव आहे, म्हणून परिच्छेदच्या परिच्छेद वाचता येतात. शिवाय हिंदी वळणाच्या ल-श ऐवजी मराठी पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप मिळतो. 2022च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हीच रूपं सांगितली आहेत. रोझा घेणार असाल तर 'लक्ष्मी', 'शुभविवाह' असे शब्द आधी टाइप करून ही दोन अक्षरं नीट पाहा. टिरोत तिरपं रूप आहे, ठळक नाही. सॉफ्टवेअरकडून ते कृत्रिमपणे जाड करून घेऊ नका, सगळा घाट बिघडतो.

पाटी आणि मुखपृष्ठाला मी रोझा घेईन. पत्रिकेत वधूवरांची नावं रोझात मोठी आणि बाकी मजकूर टिरोत, हे छान जमतं. एकच निवडायचा असेल तर टिरो. सोनेरी फॉइल करणार असाल तर रोझाचा नमुना त्याच कागदावर, त्याच आकारात काढून मगच ऑर्डर द्या.